स्मरणशक्तीसाठी मशरूमच्या कॅप्सूल : अब्बा-अम्मींना देण्याआधी काय तपासाल?

मानखुर्द, गोवंडी, चीता कॅम्प या पट्ट्यात साठी-सत्तरी ओलांडलेली माणसं आता जवळपास प्रत्येक इमारतीत आणि चाळीत आहेत. कुणाच्या अब्बांना शेजाऱ्याचं नाव आठवत नाही, कुणाची दादी दुपारची गोळी घेतली की नाही हेच विसरते. घरचे काळजीत असतात, आणि नेमक्या त्याच वेळी मोबाईलवर जाहिरात येते : लायन्स मेन, रेशी, कॉर्डिसेप्स, मेंदू तल्लख करणारं मशरूम. कधी ओळखीतलाच एखादा एजंट रेशी कॉफीचं पाकीट घेऊन येतो. महिन्याची बाटली हजार रुपयांच्या घरात, कधी त्याहून जास्त. हे खरंच उपयोगाचं आहे का, हलाल आहे का, आणि चालू औषधांबरोबर चालतं का, या तीन प्रश्नांची उत्तरं या लेखात एकत्र दिली आहेत.

थोडक्यात सांगायचं तर :

• लायन्स मेनवर माणसांवर झालेले अभ्यास आहेत, पण ते लहान आणि कमी मुदतीचे आहेत. डिमेन्शिया त्याने बरा होतो असं कुठेही सिद्ध झालेलं नाही.
• रक्त पातळ करणाऱ्या, शुगरच्या किंवा बीपीच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय कॅप्सूल देऊ नका.
• विसरण्याची काही कारणं साध्या रक्ततपासणीत सापडतात आणि बरी होतात. कॅप्सूलच्या नादात ही तपासणी लांबली तर नुकसान मोठं आहे.

कोणतं मशरूम कशासाठी विकतात?

मराठीत आपण अळंबी किंवा भूछत्र म्हणतो. भाजीसाठी मिळतात ती बटण आणि धिंगरी. औषधी म्हणून विकली जातात ती वेगळी.

लायन्स मेन म्हणजे पांढऱ्या झिपऱ्यांचा गोळा दिसणारी, लाकडावर वाढणारी अळंबी. शास्त्रीय नाव हेरिसियम एरिनेशियस. चीन-जपानमध्ये ती भाजीसारखी खातात. तिच्यातल्या हेरिसेनोन आणि एरिनेसिन या द्रव्यांमुळे प्रयोगशाळेत मज्जापेशींची वाढ करणारं प्रथिन वाढताना दिसलं, म्हणून ती ‘मेंदूची अळंबी’ म्हणून गाजली.

रेशी किंवा लिंगझी म्हणजे गॅनोडर्मा. लाकडासारखी कडक, वरून लालसर चकचकीत. याच कुळातली बुरशी आपल्याकडे नारळाच्या बुंध्याला लागते आणि झाड मारते. ‘तीच ती’ समजून गावाकडून कुणी झाडाची बुरशी काढून आणली, तर काढा करून पिऊ नका. जात ओळखणं तज्ज्ञाचं काम आहे.

कॉर्डिसेप्स म्हणजे उत्तराखंडातली कीडाजडी. पिथोरागड-चमोलीच्या उंच डोंगरांत, जमिनीखालच्या अळीच्या शरीरात ही बुरशी वाढते. बाटलीत मात्र बहुतेक वेळा तिची दुसरी जात असते, कॉर्डिसेप्स मिलिटॅरिस. ती तांदळासारख्या धान्यावर बंद खोलीत पिकवतात. चागा ही थंड देशांतल्या बर्च झाडावरची काळी बुरशी. तिची पावडर चहासारखी पितात.

अभ्यास काय सांगतात?

सगळ्या जाहिरातींच्या मुळाशी बहुधा एकच अभ्यास असतो. जपानमध्ये झालेला, २००९ साली प्रसिद्ध झालेला. ५० ते ८० वयाच्या, स्मरणशक्ती थोडी कमी झालेल्या ३० जणांवर तो झाला. काहींना लायन्स मेनच्या गोळ्या दिल्या, काहींना तशाच दिसणाऱ्या पण औषध नसलेल्या गोळ्या. १६ आठवड्यांत लायन्स मेनवाल्यांचे चाचणीतले गुण जास्त वाढले. जाहिरात इथेच थांबते. त्याच अभ्यासात पुढे असंही आहे की गोळ्या बंद केल्यावर चार आठवड्यांत हे गुण पुन्हा उतरले. म्हणजे फायदा झाला तरी तो टिकला नाही.

आता डोस पाहा. त्या लोकांना २५० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या, दिवसातून तीन वेळा, म्हणजे रोज ३ ग्रॅम पावडर दिली होती. आपल्याकडच्या बाटलीत समजा ५०० मिलिग्रॅमच्या ६० कॅप्सूल असतील, तर एकूण माल ३० ग्रॅम. त्या अभ्यासाच्या हिशोबाने ही बाटली दहा दिवसांत संपेल. बाटलीवर मात्र ‘रोज एक किंवा दोन’ लिहिलेलं असतं. आत पावडरऐवजी अर्क असेल तर हिशोब बदलतो, पण अर्क किती दाट आहे हे लेबलवर दर वेळी स्पष्ट नसतं.

२०१९ मध्ये जपानमध्येच ५० वर्षांवरच्या ३१ निरोगी लोकांना १२ आठवडे रोज ३.२ ग्रॅम लायन्स मेन दिलं. अनेक चाचण्या घेतल्या, फरक एकाच चाचणीत दिसला. २०२० मध्ये तैवानमधला अभ्यास आला. त्यात सुरुवातीच्या टप्प्यातल्या अल्झायमरच्या पन्नासहून कमी रुग्णांना ४९ आठवडे खास तयार केलेल्या कॅप्सूल दिल्या आणि रोजची कामं करण्याच्या क्षमतेत थोडा फायदा दिसला. पण त्या कॅप्सूल अळंबीच्या मुळांसारख्या तंतूंपासून, एरिनेसिन ए मुद्दाम जास्त ठेवून बनवल्या होत्या. बाजारातल्या साध्या बाटलीत तेच असेल असं समजू नये. २०२३ मध्ये इंग्लंडमध्ये ४१ तरुणांवर अभ्यास झाला. त्यात एका चाचणीत वेग वाढला, पण स्मरणशक्तीत एकूण ठोस फायदा दिसला नाही.

रेशीचं चित्र याहून फिकं आहे. अल्झायमरच्या ४२ रुग्णांना सहा आठवडे रेशीच्या बीजाणूंची पावडर दिली, त्याचा निकाल २०१८ मध्ये आला. औषध नसलेली पावडर घेणाऱ्यांपेक्षा त्यांच्यात लक्षणीय सुधारणा दिसली नाही.

याचा अर्थ लायन्स मेन खोटं आहे असा नाही. संशोधन सुरुवातीच्या टप्प्यात आहे, आशा थोडी आहे, खात्री नाही. कोणत्याही मशरूमला डिमेन्शियाचं औषध म्हणून भारतात, अमेरिकेत किंवा युरोपात मान्यता नाही.

हदीस सांगून विकतात, ते बरोबर आहे का?

काही विक्रेते एक हदीस पुढे करतात. सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिममध्ये ती आहे. प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांनी ‘कमअः’ ही ‘मन्न’पैकी आहे आणि तिच्या पाण्यात डोळ्यांसाठी शिफा आहे, असं सांगितल्याचं हजरत सईद बिन ज़ैद (रजि.) यांच्याकडून आलं आहे. उर्दू तर्जुम्यात तिला ‘खुंबी’ म्हटलं जातं, म्हणून गोंधळ होतो. कमअः म्हणजे अरबस्तानच्या वाळवंटात पाऊस पडून गेल्यावर जमिनीखाली मिळणारा कंद, इंग्रजीत ज्याला ट्रफल म्हणतात तो. लायन्स मेन आणि रेशी या त्याहून पूर्ण वेगळ्या जाती. शिवाय हदीसमध्ये उल्लेख डोळ्यांचा आहे, स्मरणशक्तीचा नाही. हदीसच्या नावावर भलताच माल विकणं हा हदीसचा अदब नाही.

या विषयाला जास्त जवळची हदीस वेगळी आहे. अबू दाऊद आणि तिर्मिज़ीमध्ये हजरत उसामा बिन शरीक (रजि.) यांच्याकडून आलं आहे की इलाज करा, अल्लाहने प्रत्येक आजाराबरोबर त्याची दवा ठेवली आहे, अपवाद फक्त म्हातारपणाचा. दोन्ही गोष्टी यात आहेत. आजार असेल तर इलाज शोधणं आपलं काम आहे. आणि म्हातारपण परत फिरवण्याचा दावा जो करतो, त्याच्यापासून सावध राहायला हवं. पवित्र कुरआनमध्येही काही माणसं अशा वयाला पोहोचतात की जाणलेलंही त्यांना कळेनासं होतं, असा उल्लेख आहे. अशा आईवडिलांसमोर ‘उफ्’सुद्धा म्हणू नका, हा हुकूमही तिथेच आहे.

ओळखीत कॅप्सूल विकणाऱ्या भावा-बहिणींनी आणखी एक हदीस लक्षात ठेवावी. वैद्यक न शिकता जो इलाज करतो, नुकसानीची जबाबदारी त्याच्यावर येते, असं अबू दाऊदमध्ये आलं आहे. शेजारच्या खालांची रक्त पातळ करणारी गोळी बंद करून रेशी सुरू करायला सांगणं ही छोटी गोष्ट नाही.

हलाल आहे का? चार गोष्टी पाहा

अळंबी ही मुळात वनस्पतीसारखीच हलाल मानली जाते, विषारी किंवा नशा आणणारी नसली म्हणजे झालं. प्रश्न येतो तो बाकीच्या गोष्टींमुळे.

१. कॅप्सूलचं कवच. ते जिलेटिनचं असू शकतं, म्हणजे जनावराच्या हाडा-कातड्यातून काढलेलं. जनावर कोणतं आणि ज़बीहा होतं का, हे बाटलीवर कळत नाही. कवच एचपीएमसी किंवा सेल्युलोजचं लिहिलं असेल तर ते वनस्पतीचं.

२. हिरवा ठिपका. सप्लिमेंट भारतात खाद्यपदार्थ म्हणून विकलं जातं, म्हणून त्यावर हिरवा ठिपका किंवा तपकिरी त्रिकोण असतो. हिरवा ठिपका म्हणजे जिलेटिन नाही. पण हिरवा ठिपका हे हलाल सर्टिफिकेट नव्हे, कारण अल्कोहोलबद्दल तो काही सांगत नाही.

३. थेंबांच्या बाटल्या. टिंक्चर नावाने येणारे अर्क बरेचदा अल्कोहोलमध्ये काढलेले असतात आणि अल्कोहोल बाटलीत तसंच राहतं. घटकांच्या यादीत इथेनॉल किंवा अल्कोहोल शब्द शोधा.

४. कीडाजडी. खऱ्या कीडाजडीत अळीचं शरीर असतं. टोळ सोडला तर हनफी आणि शाफई दोन्ही मसलकांत किडे खाणं जायज मानत नाहीत. कोकणातले आपले बहुतेक लोक शाफई, मानखुर्दला दोन्ही आहेत, पण इथे फरक पडत नाही. धान्यावर वाढवलेलं मिलिटॅरिस असेल तर मामला वेगळा. लेबलवर जात आणि ती कशावर वाढवली हे लिहिलेलं नसेल, तर घेऊ नका. शंका उरलीच तर बाटली घेऊन आपल्या मस्जिदच्या इमाम साहेबांना दाखवा.

आणि ‘मॅजिक मशरूम’ हा प्रकार यात मिसळू नका. त्यातलं सिलोसायबिन नशा आणतं. ते भारतात अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं, आणि नशा म्हणून हराम तर आहेच.

कोणाला देऊ नये?

रक्त पातळ करणारी औषधं घेणारे. अँजिओप्लास्टी किंवा लकव्यानंतर अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन चालू असतं. रेशीमुळे रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. ऑपरेशन ठरलं असेल, अगदी दाताचं किंवा मोतीबिंदूचंही, तर घेत असलेलं प्रत्येक सप्लिमेंट डॉक्टरांना आधी सांगा.

शुगर आणि बीपीचे रुग्ण. रेशी आणि कॉर्डिसेप्सने शुगर, तर रेशीने बीपीही आणखी खाली जाऊ शकतं. म्हाताऱ्या माणसाची शुगर उतरली की तो गोंधळतो, बडबडतो, विसरतो. म्हणजे ज्यासाठी कॅप्सूल आणली तेच वाढतं. रमजानमध्ये रोजे ठेवणाऱ्यांना हा धोका जास्त.

किडनीचे रुग्ण. चागामध्ये ऑक्झलेट खूप असतं. जपानमधल्या एका ७२ वर्षांच्या बाईने सहा महिने रोज चार-पाच चमचे चागा पावडर घेतली, तिची किडनी निकामी होऊन डायलिसिस करावं लागलं. ही घटना २०१४ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदली गेली.

लिव्हरचा आजार असलेले, किडनी बदललेले, कॅन्सरची औषधं घेणारे, दमा किंवा बुरशीची अ‍ॅलर्जी असलेले. रेशी पावडरने लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. लायन्स मेन घेतल्यावर अंगावर पुरळ किंवा धाप लागली तर लगेच बंद करून डॉक्टरकडे जा.

घ्यायचंच ठरवलं तर लेबल कसं वाचायचं?

एफएसएसएआयचा १४ अंकी लायसन्स नंबर हवा. २०१६ च्या नियमांनुसार सप्लिमेंटवर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची सूचना छापावी लागते. म्हणजे कंपनीच डब्यावर ते औषध नसल्याचं लिहिते, आणि एजंट तोंडी उलटं सांगतो. दोघांपैकी डब्यावर विश्वास ठेवा. मेंदूच्या विकारांवर इलाजाची जाहिरात करायला १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय कायद्याने बंदी आहे. असा दावा दिसला तर राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते.

अळंबीचं शास्त्रीय नाव, ती फळ-भागापासून आहे की धान्यावर वाढलेल्या तंतूंपासून, आणि बीटा-ग्लुकानचं प्रमाण, ही माहिती चांगल्या मालावर असते. धान्यावरचे तंतू धान्यासकट दळले तर बाटलीत निम्मंशिम्मं पीठच असू शकतं. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या रेशीच्या १९ नमुन्यांची तपासणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात फक्त ५ खरे रेशी निघाले.

विसरणं कधी नेहमीचं, कधी आजार?

नमाजमध्ये कितवी रकअत चालू आहे हे विसरणं कुणालाही होतं. सज्दा-ए-सह्व त्यासाठीच आहे. चष्मा कुठे ठेवला हे न आठवणंही वयाचा भाग. पण खालील गोष्टी वारंवार दिसू लागल्या तर थांबू नका :

• रोजच्या मस्जिदचा किंवा घरचा रस्ता चुकणं
• वुजू करून लगेच पुन्हा वुजूला बसणं, जेवूनही जेवलो नाही म्हणणं
• तोच प्रश्न दहा मिनिटांत चार वेळा विचारणं
• पैशांचा हिशोब, गॅस, गोळ्या यांत गफलत होणं
• स्वभाव बदलणं, विनाकारण संशय घेणं

गोंधळ अचानक, एक-दोन दिवसांत सुरू झाला असेल, किंवा तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं जड वाटत असेल, तर ही इमर्जन्सी आहे. त्याच वेळी हॉस्पिटल गाठा. लकव्यात पहिले काही तासच महत्त्वाचे असतात.

देशपातळीवरच्या एका मोठ्या पाहणीचा निष्कर्ष २०२३ मध्ये आला. भारतात साठीच्या पुढच्या लोकांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे. स्त्रियांमध्ये आणि कमी शिकलेल्यांमध्ये प्रमाण जास्त. याचा दुसरा अर्थ असा की विसरणारे बहुतेक वृद्ध डिमेन्शियाचे नसतात. त्यांच्या विसरण्याचं कारण शोधावं लागतं.

बाटलीच्या आधी या तपासण्या

व्हिटॅमिन बी१२. मांसाहारी घरात बी१२ कमी नसणार असं समजू नका. शुगरची मेटफॉर्मिन आणि अ‍ॅसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर बी१२ अंगी लागत नाही. मशरूमने ही कमतरता भरून निघत नाही, इंजेक्शन किंवा गोळ्यांनी निघते.

थायरॉईड, सोडियम, हिमोग्लोबिन, शुगर, किडनी. यांतलं काहीही बिघडलं तर माणूस सुस्त आणि विसराळू होतो.

चालू औषधांची यादी. झोपेच्या गोळ्या, काही सर्दीच्या आणि लघवीच्या गोळ्या वृद्धांची स्मरणशक्ती मंद करतात. सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा. त्यात मशरूमची बाटलीही ठेवा.

उदासी. जोडीदाराच्या इंतकालनंतर गप्प झालेली अम्मी विसराळू वाटते, पण कारण दुःख असू शकतं. त्यावर इलाज आहे.

पडणं. डोक्याला मार लागून आठवड्यांनंतरही मेंदूभोवती रक्त साठू शकतं. महिना-दोन महिन्यांत पडल्या असतील तर सांगा.

कान आणि डोळे. ऐकू येत नसलं की माणूस संभाषणातून बाहेर पडतो. ‘लॅन्सेट’च्या तज्ज्ञ समितीने २०२४ मध्ये डिमेन्शियाची १४ टाळता येण्यासारखी कारणं सांगितली आणि त्यांवर काम केलं तर जवळपास ४५ टक्के डिमेन्शिया टळू किंवा लांबू शकतो, असा अंदाज दिला. बहिरेपणा, कमी दिसणं, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल, तंबाखू, एकटेपणा, बसून राहणं आणि प्रदूषित हवा ही त्यांतली काही. १९२७ पासूनच्या देवनार डम्पिंगशेजारी राहणाऱ्यांना शेवटचं कारण समजावून सांगायला नको. हवा एकट्याने बदलता येत नाही. मिसरी-तंबाखू सोडणं, बीपीची गोळी न चुकवणं आणि कानाचं मशीन लावणं मात्र घरात होऊ शकतं.

मानखुर्दहून कुठे जायचं?

सुरुवात जवळच्या ‘आपला दवाखाना’ किंवा पालिका दवाखान्यापासून करा. गोवंडीला पालिकेचं शताब्दी हॉस्पिटल आहे. पुढची गरज पडली तर सायन, केईएम आणि नायरमध्ये न्यूरोलॉजी आणि मानसोपचार हे दोन्ही विभाग आहेत. सोबत असा माणूस न्या, ज्याने विसरणं रोज पाहिलं आहे. कधीपासून आणि काय काय, हे कागदावर लिहून न्या.

ज्येष्ठ नागरिकांसाठी राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आणि मानसिक आरोग्यासाठी टेली-मानस १४४१६ हे नंबर मोफत आहेत. राज्य सरकारने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत, ६५ वर्षांवरील आणि दोन लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांना चष्मा, कानाचं मशीन, काठी यांसाठी एकदा ३,००० रुपये देण्याची तरतूद आहे. अर्ज चालू आहे का, याची चौकशी समाजकल्याण कार्यालयात करा.

मशरूम आवडत असेल तर भाजी करा

२०१९ मध्ये सिंगापूरहून एक पाहणी आली. साठीच्या पुढच्या ६६३ जणांची माहिती त्यात होती. आठवड्याला दोनपेक्षा जास्त वेळा मशरूम खाणाऱ्यांमध्ये स्मरणशक्ती कमी होण्याचं प्रमाण जवळपास निम्मं दिसलं. एक वाटा म्हणजे सुमारे १५० ग्रॅम शिजवलेलं मशरूम. हे लोक कॅप्सूल घेत नव्हते. धिंगरी, बटण, शिताके अशी साधी मशरूम जेवणात खात होते. अर्थात ही पाहणी होती. मशरूम खाणारे बाकीही चांगलं खात-फिरत असतील, त्यामुळे फायदा मशरूमचाच, असं त्यावरून ठरत नाही. पण भाजीत तोटा काही नाही. वाशीच्या मार्केटमध्ये किंवा कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे पाकीट मिळतं. नीट शिजवून द्या. पावसाळ्यात रानात उगवलेली अनोळखी अळंबी मात्र कुणी कितीही खात्री दिली तरी नको.

डॉक्टरांनी तपासून हरकत नाही म्हटलं, लेबल नीट आहे आणि खिशाला झेपतंय, तर लायन्स मेन तीन महिने देऊन पाहायला कुणाची ना नाही. सुरू केल्याची तारीख लिहून ठेवा, फरक नसेल तर बंद करा. पण त्यासाठी बीपी-शुगरची एकही गोळी कमी करू नका. आणि पैसे एकाच गोष्टीला पुरणार असतील, तर पहिले बी१२ आणि थायरॉईडच्या तपासणीला जाऊ द्या.